हाक कुठल्या भाषेत मारावी

२ सप्टेंबर, सोमवार
ओहोटी पहाटे. वारा पडलेला. कालवं अजून बारीक.

आज शाळा सुरू झाली. चन तिसरीत गेली. दप्तरातून एक कागद काढून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरून उभी राहिली, जसं काही सरकारी फर्मान. शाळेत पोरं उरलीत एक्केचाळीस, आणि त्यातल्या निम्म्यांच्या आया व्हिएतनामच्या. पट आणखी घसरला तर शाळा बंद होणार, म्हणून मुख्याध्यापकांनी युक्ती काढली. यंदापासून शाळा दोन भाषांची, चिनी आणि व्हिएतनामी. बुडत्याला काडीचा आधार असतो हे ऐकून आहे, पण ही काडी यांनी कुठून उचलून आणली कोण जाणे.

तेही एक वेळ चाललं असतं. पुढे लिहिलंय, घरच्यांनी मुलांच्या शिक्षणात भाग घ्यायचा. रोज संध्याकाळी आईने आपल्या भाषेतले तीन शब्द सांगायचे, मुलाने ते वहीत लिहायचे, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने ते ऐकून खाली शिक्का मारायचा. शिवाय दर गुरुवारी एका घराने वर्गात जाऊन काहीतरी शिकवायचं.

आमच्या घरात माणसं तीन. मी, व्हिएतनामहून आलेली सून लुआ आणि नात चन. मुलगा थिंग-हाय जाऊन या महिन्यात तीन वर्षं होतील. म्हणजे वडीलधारा मीच. सहीच्या जागी चालतो तो माझ्या नावाचा शिक्का कपाटात असतो आणि किल्ली माझ्या कमरेला.

शिक्का मारला नाही. लुआने कागद बघितला आणि सुरी उचलली. ती बोलत नाहीच, कालवं फोडते. तिच्याइतक्या झपाट्याने कालवं फोडणारी बाई तायवानच्या या किनाऱ्यावर दुसरी नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडावर सांगायची आमच्यात सवय नाही.

५ सप्टेंबर
चनने विचारलं, "आजोबा, सगळ्यांच्या वहीत लाल शिक्का आहे. माझ्याच नाही. का?"

म्हटलं, "शाई वाळलीय."

"मग पाणी घाला ना थोडं."

आठ वर्षांची पोर, पण उत्तर ओठांवर असतं. बापावर गेली आहे.

खरं कारण इथेच लिहितो. वादळाच्या आदल्या दिवशी थिंग-हाय कालवांच्या मांडण्या बांधायला खाडीत गेला आणि परत आला नाही. त्या सकाळी आमचं काय बोलणं झालं ते लिहीत नाही, त्याचा इथे संबंध नाही. तिसऱ्या दिवशी देह मिळाला. पाण्यात गेलेल्याचा जीव पाण्यातच घुटमळतो. पोटच्या पोराने काठावरून हाक मारली तर त्या हाकेमागे तो घरी येतो. चन तेव्हा पाच वर्षांची. पुजाऱ्याने तिच्या हातात उदबत्ती दिली आणि सांगितलं, बाळ, बाबांना हाक मार. तिने पाण्याकडे तोंड करून हाक मारली, "बा ओई! बा ओई!" आईच्या भाषेत. सगळं गाव ऐकत होतं.

कौल लावला. लाकडाचे दोन तुकडे टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला, तर तो आला. दोन्ही पालथे पडले. सहा वेळा टाकले, सहाही वेळा पालथे. पुजारी म्हणाला, पुरे करा आता, नावाची पाटी घरी न्या.

पाटी आणून देवघरात ठेवली. रोज उदबत्ती लावतो. पण मला ठाऊक आहे, ती पाटी रिकामी आहे, त्याचा जीव तिच्यात आलेलाच नाही. परक्या भाषेत बोलावल्यावर माझा मुलगा येणार कसा? पूर्वीही मला त्या भाषेचं कौतुक नव्हतंच. त्या दिवसापासून ती घरात बंद.

२४ सप्टेंबर
श्याव बाई आज कालवांच्या छपरीत आल्या. चनच्या वर्गशिक्षिका, तायपेईच्या, अजून तिशीही गाठलेली नाही. बुटक्या स्टुलावर बसल्या, सुरी उचलली आणि म्हणाल्या, "काका, मलाही शिकवा."

"बाई, हाताला लागेल."

लागलंच. पहिल्याच कालवाला अंगठा कापून घेतला. लुआने धावत जाऊन पट्टी आणली. रक्त वाहत असतानाही बाईंचं तोंड चालूच. "काका, शिक्का हवाय फक्त. चनला वर्गात फार वाईट वाटतं."

ताकाला येऊन भांडं लपवलं नाही, एवढं खरं. मी सांगितलं, "आमच्या वेळी शाळेत घरची तायवानी बोललं की गळ्यात लाकडी फळी अडकवायचे, दिवसभर. मी सहा दिवस घातली. मेलो का? उलट चिनी पक्की झाली."

"आणि घरी जाऊन आईशी काय बोलायचात?"

"आईशी काय बोलायचं असतं? जेवलो, झोपलो."

बाई अंगठ्यावरची पट्टी दाबत बसल्या. मी जिंकलो असं वाटलं. तरीपण त्या अंगठ्याकडे बघून शब्द दिला. शिक्का मारीन, पण देवघराच्या खोलीत ती भाषा नको. काय करायचं ते मागच्या ओट्यावर करा.

१७ ऑक्टोबर
ईशान्येचा वारा सुरू झाला. कालवं भरू लागली.

संध्याकाळी मागच्या ओट्यावर दोघी बसतात आणि हसण्याचा आवाज येतो. लुआचा सुद्धा. दहा वर्षं ही बाई माझ्या घरात आहे, इतकी बोलते हे मला माहीत नव्हतं. माझ्याशी बोलताना शब्द चिमट्याने उचलून ठेवते, आणि तिकडे नुसता धबधबा. मी आत एकटाच जेवतो. कोण काय बोलतंय कळत नाही, म्हणून वाटतं माझ्यावरच हसताहेत.

चनने आज मला एक शब्द शिकवला. कालवाला त्यांच्यात "हाऊ" म्हणतात. मी म्हटलं, मला नको तुझा हाऊ. नंतर छपरीत कुणी नव्हतं तेव्हा एकदा म्हणून पाहिला.

३ नोव्हेंबर, रविवार
लुआ सुरी पुसून माझ्यासमोर उभी राहिली. तेव्हाच कळलं की काहीतरी मागणार.

"बाबा, माझ्या आईचं यकृत गेलंय. नवीन वर्ष बघेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. जानेवारीच्या सुटीत चनला घेऊन जाऊ? दहाच दिवस. तिचा पासपोर्ट तुमच्या कपाटात आहे."

"बघू."

"चन आता फोनवर आजीशी बोलते. शाळेत शिकते ना, म्हणून. आई रोज दुपारपासून फोन धरून बसते."

मला खूश करायला सांगितलं असेल. मला मात्र वाटलं, परत आलीच नाही तर? पलीकडच्या गल्लीतली लिनची सून दहाच दिवसांसाठी गेली होती, नातवाला घेऊन. सहा वर्षं झाली. लिन अजून त्याची सायकल पुसतो.

शाळेने रोज तीन शब्द विणून दोर वळला आणि त्याचं टोक तिकडच्या म्हातारीच्या हातात दिलं. मीच त्यावर शिक्के मारले.

४ नोव्हेंबर
चनला शाळेतून आणताना बांधावर बसवलं आणि सांगून टाकलं. न ओरडता, नीट समजावून. तू त्या भाषेत हाक मारलीस, म्हणून बाबा वाट चुकले. त्यांना वाटलं कुणी परकंच बोलावतंय. म्हणून ते घरी आले नाहीत.

मला वाटलं रडेल. रडली नाही. पाण्याकडे बघत विचारलं, "अजून तिथेच आहेत?"

म्हटलं, "हो."

"थंडी असेल."

बस, एवढंच. घरापर्यंत तिने माझा हात सोडला नाही. कधीतरी सांगायलाच हवं होतं. डोक्यावरचं ओझं उतरलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
आज वर्गात आमच्या घराची पाळी होती. बाईंनी दोनदा फोन केला, म्हणून मीही गेलो आणि पोरांच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. लुआने लग्नानंतर घातला नव्हता तो निळा झगा घातला होता. पहाटे उठून तांदळाच्या पातळ पापडीत कोळंबी गुंडाळून साऱ्या शाळेला पुरतील अशा एक्केचाळीस सुरळ्या केल्या होत्या. बादलीतून एकेक जिन्नस काढून ती नाव सांगायची, कालव, खेकडा, शिंपला, आणि पोरं बोंब मारल्यासारखी तिच्यामागे म्हणायची. आवाज खणखणीत होता. खरं सांगायचं तर मी बघत राहिलो.

मग ती म्हणाली, "आता चन सांगेल."

चन उभी राहिली. दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले.

"सांग ना बाळा. तुला येतं."

चनने मान हलवली. पोरं हसायला लागली. मागून एक मुलगी ओरडली, "हिला हिच्या आईचीच भाषा येत नाही!"

लुआ हसली आणि पुढचा शिंपला काढला. सगळं नीट पार पाडलं तिने. सुरळ्या वाटल्या. चनने तिची सुरळी तशीच डब्यात ठेवली. स्कूटरवरून घरी येताना तिने आईच्या कमरेला हात घातला नाही, सीटची कड धरून बसली.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. कोळंबी बाधली असेल.

२८ नोव्हेंबर
ओट्यावर आता सामसूम. चन वहीत काही लिहीत नाही. लुआ तीन शब्द सांगते, चन पेन्सिलीला टोक करत बसते. एक पेन्सिल संपली त्यातच. मी रिकाम्या पानांवर शिक्का मारतो, म्हणजे शाळेतून कुणी विचारणार नाही. हे बरोबर नाही हे कळतं. पण ज्याची मागणी केली होती ते मिळालं आहे, आता तक्रार कोणत्या तोंडाने करू?

लुआने पासपोर्टचं पुन्हा विचारलं. मी पुन्हा "बघू" म्हटलं.

५ डिसेंबर
दुपारी छपरीत होतो तिघेही. लुआचा फोन वाजला. पडद्यावर तिची आई चटईवर पडलेली, नुसती हाडं, डोळे मिटलेले. कुणीतरी तिच्या कानाला फोन लावून धरला होता.

लुआने ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि चनला जवळ ओढलं. "चन, 'न्गोआई ओई' म्हण. आजीला हाक मार. अजून ऐकू येतं तिला. एकदाच."

चनने ओठ घट्ट मिटले.

"एकदाच म्हण ग! रोज तुझी वाट बघत होती ती."

चन मान हलवत राहिली. लुआ ओरडली. माझ्या घरात पहिल्यांदा ओरडली. "दगड आहेस का तू? दगड?"

चन पळाली आणि बर्फाच्या पेट्यांमागे जाऊन बसली. लुआ एकटीच बोलत राहिली फोनमध्ये. सव्वाचारला तिकडून रडण्याचे आवाज आले. लुआने फोन मांडीवर पालथा ठेवला.

बऱ्याच वेळाने चन बाहेर आली, आईपासून दोन हात लांब उभी राहिली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "मी हाक मारली असती तर आजी पण वाट चुकली असती. बाबांसारखी."

"काय? कोणी सांगितलं तुला हे?"

चनने नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं.

लुआ वळली. मला वाटलं सुरी उचलेल. तिने सुरी बाजूला सरकवली. "बाबा, ही तिच्या बाबांना रोज 'बा ओई'च म्हणायची. तुम्ही घराबाहेर पडलात की. त्यांनीच शिकवलं होतं तिला. तुम्हाला आवडत नाही म्हणून तुमच्यासमोर दुसरं म्हणायची. त्यांना आपली वाटायची ती तेवढी एकच हाक."

मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं.

"पाच वर्षांची होती ती," लुआ म्हणाली.

६ डिसेंबर
पहाटेच पासपोर्ट टेबलावर काढून ठेवला. आता काय उपयोग? चनच्या व्हिसाला चार दिवस लागतात आणि माती परवा. लुआ एकटी गेली.

निघताना म्हणाली, "बाबा, तिला काही समजावू नका. जेवायला घाला फक्त."

११ डिसेंबर
वारा थांबत नाही.

चन बोलत नाही. त्या भाषेत नाही, आमच्या भाषेत नाही, चिनीतही नाही. भूक लागली की वाटीकडे बोट दाखवते. लुआ रोज संध्याकाळी फोन करते. चन पडद्याकडे बघते, डोळे भरून येतात, आणि हात तोंडावर जातात. मी म्हणतो, "आई आहे चन, बोल." हात आणखी घट्ट होतात.

श्याव बाई आल्या होत्या. वर्गातही एक शब्द नाही. मला विचारलं, घरी काही झालंय का? म्हटलं, आजी गेली. खोटं नाही, पण खरंही नाही. बाईंनी चनच्या डोक्यावरून हात फिरवला, अंगठ्यावर जखमेची खूण अजून दिसते.

पेज करपली. चनने मुकाट्याने खाल्ली.

१४ डिसेंबर, शनिवार
लिहायचं नाही म्हणून ठरवलं होतं ते लिहितो, कारण आज चनला सांगितलं.

मागच्या ओट्यावर तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, चन, त्या सकाळी तुझे बाबा पेज खात होते. म्हणाले, "बाबा, लाटा बघा जरा. उद्या वादळ येतंय. जाऊ देत त्या मांडण्या." मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "बायकोच्या पदराआड बस मग. मीच जातो, म्हातारा आहे तरी." त्यांनी अर्धी वाटी तशीच खाली ठेवली आणि उठून गेले. माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना पाठवलं, आणि ते माझ्यावर रागावून गेले. म्हणून त्यांनी कौल दिला नाही. या घरात यायचंच नव्हतं त्यांना. तुझ्या हाकेत काही खोट नव्हती. मी तुला खोटं सांगितलं.

तीन वर्षं हे मनात होतं. भाषेवर ढकललं की बरं वाटायचं. काल-परवापर्यंत मला स्वतःलाच ते खरं वाटत होतं.

चन माझ्याकडे वळली. मग घसा खरवडल्यासारखा आवाज आला.

"बाबा तुमच्यावर रागावलेत?"

"हो."

"माझ्यावर नाही?"

"नाही ग. तुझ्यावर कसे रागावतील?"

"नक्की?"

"नक्की."

नऊ दिवसांनी बोलली पोर. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात लपवला. तिने माझ्या खिशातून फोन काढला आणि स्वतःच लावला. "मा ओई," म्हणाली, आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. अर्धा तास. मधेच रडली, मधेच एकदा हसलीसुद्धा. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. एकही शब्द कळला नाही, पण किती गोड बोलत होती. वाटलं, सुटलो.

फोन ठेवल्यावर विचारलं, "काय म्हणालीस आईला?"

"म्हटलं, मला इथून घेऊन जा."

२४ डिसेंबर
लुआ काल आली. केस कापलेत. शाळेत जाऊन चनचा दाखला घेतला. चनचा व्हिसा तिने तिकडूनच करून आणलाय. व्हिएतनामात कान थो शहरात तिच्या भावाचं दुकान आहे, तिथे राहणार दोघी.

दुपारी श्याव बाई आल्या, दारातच रडायला लागल्या. "काका, मला वाटलं होतं, घरच्यांना शाळेत आणलं की मुलांचं भलं होतं."

म्हटलं, "होतं बाई. घर बघून आणायला हवं होतं."

त्यांना कळलं नाही, किंवा कळलं असेल.

संध्याकाळी लुआला म्हटलं, "राहा. देवघरात बोला, ओट्यावर बोला, वाटेल तिथे बोला. मी ब्र काढणार नाही." दहा वर्षांत तिच्याकडे मी पहिल्यांदा काही मागितलं.

ती चनचे कपडे घड्या करत होती. थांबली. "बाबा, तुम्ही गप्प राहाल. पण तिला तेच ऐकू येत राहील, जे आधी सांगितलंत." मग माझे दोन लोकरी बनियन पेटाऱ्यातून काढून वर ठेवले. वारा आहे, घालत जा, म्हणाली.

२६ डिसेंबर, गुरुवार
ओहोटी सकाळी साडेनऊला. वारा जोराचा.

बस नऊची. सामान थोडंच, मी थांब्यापर्यंत उचललं. लुआने वाकून नमस्कार केला, मी "हं" म्हटलं. चनला खिशातल्या गोळ्या दिल्या. तिने एक काढून माझ्या हातावर ठेवली. तुम्हाला, म्हणाली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. काच अर्धी उघडी होती. शाळेत सोडायला जायचो तेव्हा फाटकातून आत गेली की वळून "आजोबा!" अशी हाक मारायची, रोज, उगाचच. मी म्हणायचो, कशाला ओरडतेस, इथेच तर आहे.

बस हलली. चनने काचेतून हात बाहेर काढून हलवला. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हाक मारली नाही. वळणापर्यंत माझ्याकडे बघत होती. रागावली म्हणून मारली नाही, की मीही वाट चुकू नये म्हणून, हे मी तिला आता विचारू शकत नाही.